शनिवार-रविवार कुठे घालवायचा: मँचेस्टर की डॉर्टमुंड?

इंग्लंडमधलं मँचेस्टर आणि जर्मनीतलं डॉर्टमुंड, दोन्हीकडच्या विद्यापीठांतून ऑफर लेटर आलंय, फीचा हिशोब घरी मांडून झालाय, आता कोर्सही तुल्यबळ वाटतायत. अशा वेळी गाणं-बजावणं आणि मॅच यावरून शहर ठरवलं तर घरचे कपाळाला हात लावतील. लावू देत. आठवड्याचे पाच दिवस लायब्ररीत जाणार, उरलेल्या दोनांचं काय, हे आधीच बघून ठेवलेलं बरं.

फुटबॉलमध्ये माझं मत सरळ डॉर्टमुंडला. बोरुसिया डॉर्टमुंड क्लबचं 81,365 क्षमतेचं स्टेडियम आणि त्यात एका गोलामागे उभ्याने मॅच बघणारे सुमारे 25,000 लोक. उभ्याचं तिकीट वीस युरोच्या आसपास, आणि मॅचच्या तिकिटावरच आसपासच्या शहरांतून लोकल-ट्रामने येता-जाता येतं. इंग्लंडमध्ये 1989 मध्ये हिल्सबरो स्टेडियमात झालेल्या जीवघेण्या चेंगराचेंगरीनंतर वरच्या स्तरांवर सगळ्यांना खुर्चीत बसवलं गेलं. परवाना घेतलेल्या स्टेडियमांत उभं राहण्याची सोय आत्ता 2022 पासून सुरू झाली. पण अडचण अशी की डॉर्टमुंडची सुमारे 55,000 तिकिटं सीझन पासवाल्यांकडे असतात. म्हणजे नवख्याला क्लबच्या अधिकृत पुनर्विक्रीवर डोळा ठेवून बसावं लागतं. नाही मिळालं तर शेजारीच रोटे एर्ड आहे, 1926 चं जुनं मैदान. तिथे क्लबचा दुसरा संघ खेळतो, मागे मोठ्या स्टेडियमचे पिवळे खांब दिसत राहतात आणि गोलकीपरच्या शिव्याही स्पष्ट ऐकू येतात. भाषेचा सराव फुकट.

मँचेस्टरमध्ये मोठ्या क्लबांच्या तिकिटासाठी बहुतेक वेळा आधी सदस्यत्व घ्यावं लागतं, आणि खिसा हलका होतो तो होतोच. त्यापेक्षा एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टरकडे जा. ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड विकत घेतला म्हणून वैतागलेल्या चाहत्यांनी 2005 मध्ये काढलेला हा चाहत्यांच्याच मालकीचा क्लब.

क्रिकेट? ओल्ड ट्रॅफर्ड, जिथे 1990 मध्ये सतरा वर्षांच्या सचिनने नाबाद 119 करून कसोटी वाचवली. ट्रामच्या स्टॉपवर उतरलात की मैदान समोर. पण मोसम एप्रिल ते सप्टेंबर, आणि एक वर्षाच्या एमएस्सीत उन्हाळा नेमका प्रबंधाचा असतो. हे माहितीपत्रकात कुणी लिहीत नाही. डॉर्टमुंडात क्रिकेटची आशाच सोडा.

संगीतात मात्र पारडं फिरतं. मँचेस्टरमध्ये 1858 पासूनचा हॅले ऑर्केस्ट्रा ब्रिजवॉटर हॉलमध्ये वाजवतो, बँड ऑन द वॉलमध्ये जॅझपासून आफ्रिकी तालांपर्यंत काहीही कानावर पडतं, आणि जुन्या मेथडिस्ट चॅपलमधल्या अल्बर्ट हॉलमध्ये रंगीत काचांखाली गिटार ऐकायला मिळते. वर ऑक्सफर्ड रोडवरच संगीत महाविद्यालय, विद्यापीठापासून चालत. तिथल्या विद्यार्थ्यांच्या मैफली चुकवू नका. मैफल संपल्यावर रशोमच्या करी माईलवर पोटाचीही सोय होते.

डॉर्टमुंडला 2002 मध्ये उघडलेलं कॉन्झर्टहाउस आणि 1969 पासूनचा डोमिसिल हा जॅझ क्लब आहे. दोन्ही चांगले, पण रोजचा गजबजाट नाही. तो हवा तर विद्यार्थ्यांच्या सेमिस्टर तिकिटावर रेल्वेने कोलोन गाठायचं आणि परतीच्या गाडीचं वेळापत्रक खिशात ठेवायचं.

आता पार्ट-टाइम नोकरीचा मुद्दा, जो मॅचपेक्षा मोठा ठरतो. मँचेस्टरमध्ये दुकानं रविवारीही उघडी, त्यामुळे शिफ्ट हमखास वीकेंडलाच पडते आणि शुक्रवारची मैफल झोपेच्या खात्यातून जाते. जर्मनीत रविवारी दुकानं बंद. दुकानात काम करणाऱ्याचा शनिवार गेला तरी रविवार त्याचाच. शिवाय सरकारी विद्यापीठात बहुतेक फी नाही, फक्त सेमिस्टरचा आकार. व्हिसासाठी ब्लॉक्ड खात्यात ठेवलेल्या 11,904 युरोंपैकी महिन्याला 992 हाती येतात. भाडं-विमा वजा जाता उरतं ते फार नाही, पण उभ्याचं एक तिकीट बसतं.

बँडमध्ये वाजवत असाल, किंवा एखादी रात्र गाण्याविना गेली की चुकल्यासारखं वाटत असेल, तर मँचेस्टर घ्या, भले मॅच पबमध्ये बघावी लागो. मॅच हाच सण असेल तर डॉर्टमुंड. आणि दोन्ही सारखंच आवडत असेल तर मी डॉर्टमुंडच म्हणेन, कारण तिथून कोलोनला गाणं ऐकायला जाता येतं. मँचेस्टरहून मोठ्या क्लबची मॅच उभ्याने वीस युरोत बघायला सहसा कुठे जाता येत नाही.