कासान वापरलं, त्याचा सुरुवातीचा कोडही वाचला
दारव्ह्याकडं आमचं गाव, वावरातल्या ओलाव्याच्या सेन्सरसाठी लिनक्सचा छोटा ड्रायव्हर लिहून रायलो होतो, तो दोन-तीन दिवस बरा चाले अन् मंग मशीन हँग, कुठं बिघडलं ते कळेच ना. शेवटी कासान (KASAN, मेमरीच्या चुका पकडणारं लिनक्समधलंच साधन) चालू करून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बिल्ड केला. लिनक्स ४.० पासून, म्हणजे २०१५ पासून हे फुकटात आहे, आधीच काऊन नाही वापरलं असं झालं मले.

ड्रायव्हर लोड केल्याबरोबर रिपोर्ट, स्लॅब-आउट-ऑफ-बाउंड्स, म्हणजे घेतलेल्या मेमरीच्या हद्दीबाहेर हात गेला. ६४ बाइटचा बफर अन् स्ट्रिंगचा शेवटचा शून्य मी ६५ व्या बाइटवर लिहीत होतो, धुरा ओलांडून शेजारच्याच्या वावरात पेरल्यासारखं. कोणत्या फंक्शननं लिहिलं, मेमरी कुठं घेतली होती, सगळा माग दिला.

मंग कासानचा बूटच्या वेळचा, म्हणजे मशीन सुरू होतानाचा, कोड वाचला अन् तो मले लय आवडला. दर ८ बाइटमागं १ बाइट शॅडो असते, म्हणजे त्या मेमरीले हात लावता येते का याची नोंद, त्यात ० म्हणजे आठही मोकळे, १ ते ७ म्हणजे पहिले तेवढेच, निगेटिव्ह असला तर हात लावायचा नाही. ही शॅडो पाहायचा कोड कंपायलर जागोजागी घालून ठेवते. पण बूटच्या सुरुवातीले रॅम कुठं किती हेच कर्नलले नीट ठाऊक नसते, खरी शॅडो आणायची कुठून, अन् शॅडोच्या पत्त्यांले खरी मेमरी जोडलेली (मॅप) नसली तर पहिल्याच तपासणीत मशीन कोसळते. म्हणून कासान_अर्ली_इनिट हे फंक्शन शून्यांनी भरलेलं मेमरीचं एकच पान (पेज) घेते अन् अख्खी शॅडो त्याच पानावर वळवते, म्हणजे जिथं पाहाल तिथं "मोकळं आहे" हेच उत्तर! नंतर कासान_इनिट मेमब्लॉककडून (बूटच्या वेळी मेमरी वाटणारा कर्नलचा भाग) जागा घेऊन खरी शॅडो बसवते अन् ते शून्याचं पान रीड-ओन्ली करून टाकते. इतकी अवघड गोष्ट इतक्या साध्या पद्धतीनं.

कमी इथंच आहे पण. त्या मधल्या वेळात कोणी धुरा ओलांडला तर कासानले दिसत नाही. कासान_अर्ली_इनिटच्याही आधी चालणाऱ्या कोडच्या फाइलींची तपासणी मेकफाइलमधून (बिल्ड कसं करायचं ते लिहिलेली फाइल) बंद ठेवा लागते, एखादी सुटली तर स्क्रीन काळाच.

कासानचा हा जेनेरिक मोड (साधा प्रकार) रॅमचा आठवा हिस्सा खाते, माह्या ८ जीबीतला १ जीबी गेला, अन् मशीन चांगलंच मंदावते, रोजच्या कामाले नको. अन् एक, नुसतं वापरलं तर पहिलीच चूक सांगून गप्प बसते, बाकीच्याही पाहिजे असतील तर बूट लाइनमध्ये (कर्नल सुरू होताना त्याले द्यायच्या सूचनांत) कासान_मल्टी_शॉट टाका, मले त्यानंच दुसरी चूक सापडली, फ्री केलेला बफर टायमर वाचत होता.