रीलोडिंग मॅन्युअल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

हँडगनच्या काडतुसांचे रीलोडिंग, म्हणजे वापरलेल्या पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या कवचात) प्राइमर (ठिणगी देणारी टोपी), पावडर (दारू) आणि नळीतून सुटणारी गोळी पुन्हा भरणे, शिकायला घेतले तेव्हा प्रेस, डाय आणि वजनकाटा निवडण्यात मी कित्येक आठवडे घालवले, पण लोड डेटा, म्हणजे कोणत्या गोळीमागे किती पावडर भरायची याचे आकडे, कुठून घ्यावा याचा फारसा विचार केला नाही. पावडरचे उत्पादक आपला डेटा विनामूल्य देत असताना पुस्तकावर पैसे खर्च करणे जिवावर आले होते. तरीही गोळ्या बनवणाऱ्या एका कंपनीचे जाडजूड मॅन्युअल ‘एक तरी जवळ असावे’ म्हणून घेतले. आज त्यातील आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार बांधणीबद्दल आहे, आणि ती मला गंभीर वाटते: हे पुस्तक टेबलावर उघडे राहत नाही.

तिसऱ्या महिन्यात मी ९ मिमी काडतुसांत १४७ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचे एकक) गोळी बसवत होतो. पान मिटू नये म्हणून त्यावर कॅलिपर ठेवला होता. मोजमाप घेण्यासाठी तो उचलला आणि तेवढ्यात पान उलटून १२४ ग्रेनचे पान समोर आले. दोन्ही पानांची मांडणी सारखीच, पावडरींची नावेही बहुतेक तीच. फरक काय तो वरच्या कोपऱ्यात बारीक टाइपात छापलेल्या गोळीच्या वजनाचा. मी १२४ ग्रेनच्या गोळीचा सुरुवातीचा लोड वाचला आणि काटा त्यावर लावला. जड गोळीला पावडर कमी लागते, त्यामुळे तो आकडा १४७ ग्रेनच्या कमाल लोडच्या जवळ जाऊन पोहोचत होता. बारा काडतुसे भरून झाल्यावर वहीत नोंद करताना पावडर उत्पादकाच्या तक्त्याशी आकडा ताडून पाहिला, तेव्हा चूक लक्षात आली. हातोडीसारख्या बुलेट पुलरने बाराही काडतुसे आपटून मोकळी केली. ९ मिमीच्या पुंगळीत मुळातच जागा कमी आणि सामीने (काडतुसांची मानके ठरवणारी अमेरिकी संस्था) ठरवलेली दाबाची मर्यादा ३५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). अशा काडतुसात पान उलटल्यामुळे चुकीचा लोड जाणे मला मान्य नाही.

असे असूनही मॅन्युअलबद्दलचे माझे मत पुढे सुधारले. सुरुवातीला त्यातील कमाल लोड आणि पावडर उत्पादकाचा कमाल लोड जुळत नसल्याने दोघांपैकी एक जण चुकत असावा, असे मी धरून चाललो होतो. प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावरची माहिती नीट वाचायला लागल्यावर उलगडा झाला. गोळी कोणत्या घडणीची, पुंगळी आणि प्राइमर कोणत्या कंपनीचे, चाचणीची नळी किती लांबीची आणि काडतुसाची एकूण लांबी किती, या साऱ्यांवर तो आकडा अवलंबून असतो, आणि त्यांपैकी काहीही बदलले की आकडाही बदलतो. दोन्ही स्रोत आपापल्या चाचणीपुरते बरोबर होते. अशा वेळी मी आता दोहोंपैकी लहान सुरुवातीचा लोड घेतो आणि तिथून थोडा थोडा वर जातो.

एकूण लांबीबाबत माझी आणखी एक समजूत चुकीची होती. ९ मिमीसाठी २९.६९ मिमी ही कमाल लांबी सर्वत्र छापलेली असते, आणि तीच गाठायची असे मला वाटे. प्रत्यक्षात ती केवळ वरची मर्यादा आहे. लोड ज्या लांबीवर तपासला ती लांबी गोळीच्या आकारानुसार ठरते आणि बहुधा त्याहून कमी असते. गोळी त्या लांबीपेक्षाही आत बसवली की पुंगळीतील मोकळी जागा घटते आणि दाब झपाट्याने चढतो. एवढी महत्त्वाची लांबी मॅन्युअलने पानावर एकदाच, तीही त्याच बारीक टाइपात छापली आहे.

कमाल लोडपेक्षा दहा टक्के खालून सुरुवात करावी हा सर्रास सांगितला जाणारा नियमही प्रत्येक पावडरला लावता येत नाही, हे मला पावडर उत्पादकाच्या माहितीतून कळले. हॉजडनच्या एच-११० पावडरसाठी लोड तीन टक्क्यांपेक्षा जास्त कमी करू नये, अशी स्पष्ट सूचना आहे. म्हणूनच विनामूल्य डेटा आणि छापील पुस्तक यांपैकी एकावर भागवावे हा माझा काटकसरीचा विचार मी सोडून दिला. कुणाच्या वहीतला, जुन्या चिठ्ठीवरचा किंवा केवळ ऐकलेला आकडा मी काट्यापर्यंत येऊच देत नाही. मॅन्युअलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेल्या गोळ्यांचा डेटा जवळजवळ नाही, ही उणीव मात्र खरी आहे. त्या गोळ्यांसाठी मी त्यांच्या उत्पादकालाच विचारतो.

बांधणीबद्दल प्रकाशकांना लिहिले, तेव्हा या आवृत्तीत बदल शक्य नाही असे सौजन्यपूर्ण उत्तर आले. अखेर नव्या पुस्तकाची शिवण कापून मी स्वखर्चाने स्पायरल बांधणी करून घेतली आणि प्रत्येक वजनाच्या गोळीच्या पानाला वेगळ्या रंगाची पट्टी लावली. गेले चार महिने पान एकदाही उलटलेले नाही. पुढची आवृत्ती स्पायरलमध्ये निघाली, तर हे पुस्तक जवळ असतानाही मी ती विकत घेईन.