आठ चॅनेलची इलेक्ट्रॉनिक पिपेट, नऊ महिन्यांनंतर: सहाव्या चॅनेलने घातलेला घोळ

पिपेट म्हणजे द्रव मोजून उचलायचं आणि सोडायचं प्रयोगशाळेतलं साधन. ही ३०० मायक्रोलिटरची, आठ चॅनेलची, म्हणजे एकाच वेळी आठ टिपांनी (प्लास्टिकच्या टोकांनी) द्रव घेणारी. बाकी माहिती सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे थेट मुद्द्यावर येते.

पहिले पाच महिने मी हिच्यावर खूश होते. दिवसाला सहा-सहा प्लेट (ए ते एच अशा आठ ओळी आणि बारा कॉलम असलेल्या, छोट्या खळग्यांच्या म्हणजे वेलच्या) करूनही अंगठा दुखत नव्हता, आणि मिसळायचे फेरे ती मोजून स्वतःच करायची. मग एफ ओळीतली कंपाउंड, म्हणजे औषध म्हणून तपासायची रसायनं, कमजोर दिसायला लागली. एखाद्या प्लेटमध्ये नव्हे, प्रत्येक प्लेटमध्ये.

आमच्या प्लेटमध्ये एका ओळीत एक कंपाउंड असतं. पहिल्या कॉलमपासून दहाव्यापर्यंत १०० मायक्रोलिटरमध्ये ५० असं तिप्पट पातळ करत जायचं. म्हणजे एफ ओळ कायम सहाव्या चॅनेलच्या वाट्याला. प्लेटचा झेड-प्राइम, म्हणजे चाचणी किती भरवशाची हे सांगणारा आकडा, मात्र ०.७ च्या आसपास, ०.५ च्या वर म्हणजे उत्तम, म्हणून कुणालाच शंका आली नाही. येणार कशी? तो आकडा निघतो कंट्रोलवरून, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेल्या, तुलनेसाठीच्या वेलवरून. कंट्रोल ११ आणि १२ व्या कॉलममध्ये, ते वेगळ्या पिपेटने भरलेले. पातळ करताना झालेली चूक त्या आकड्यात उतरतच नाही.

एक कंपाउंड सहज म्हणून बी ओळीत पुन्हा लावलं आणि आयसी५० (निम्मा रोध करायला लागणारी मात्रा, जितकी कमी तितकं कंपाउंड जोरदार) जवळपास निम्म्यावर आला. त्या संध्याकाळी आठही चॅनेलमधून ५० मायक्रोलिटर पाणी घेतलं, मिसळून झाल्यावर आम्ही थांबतो तेवढं थांबले आणि तराजूवर सोडलं. सात चॅनेल ५० मिलिग्रॅमच्या आगेमागे. सहावा ४५.

पाच मायक्रोलिटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण प्रत्येक पायरीला ५० ऐवजी ४५ पुढे गेले, तर नऊ पायऱ्यांनंतर दहाव्या वेलमध्ये औषध हवं त्याच्या जेमतेम निम्मं उरतं. आणि मार कुणाला बसतो? ज्यांचा परिणाम अगदी कमी मात्रेत दिसतो त्यांना, म्हणजे आपण ज्यांच्या शोधात आहोत त्याच रेणूंना. याचा मला आजही संताप येतो.

सर्व्हिसवाल्यांनी पिपेट नेली आणि 'मर्यादेत आहे' असा कागद लावून परत पाठवली. त्यांच्या चाचणीत पाणी घेतलं की लगेच सोडतात. गळती हळू असेल तर ती सापडणार कशी? फोनवर तीनदा हेच समजावलं, तेव्हा 'खालचा अख्खा भाग बदला' हा सल्ला मिळाला, नव्या पिपेटच्या जवळपास निम्म्या किमतीत. मी नकार दिला.

शेवटी आम्हीच खालचा भाग उघडला. सहाव्या दट्ट्याच्या ओ-रिंगला, म्हणजे हवा अडवणाऱ्या रबरी कडीला, केसाएवढी चीर होती. १९५७ मध्ये जर्मन डॉक्टर हाइनरिश श्निट्गरने दट्ट्याची पहिली मायक्रोपिपेट बनवली तेव्हापासून सगळा खेळ दट्ट्या आणि द्रव यांच्यामधल्या हवेवर आहे. तिथे गळती झाली की स्क्रीनवरच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

इथवरचं रागात लिहिलं होतं. आता दोन महिन्यांनी भर घालते. नवी ओ-रिंग मिळवून बसवली, ग्रीसचा अगदी पातळ हात दिला, आणि सहावा चॅनेल आजतागायत ५० दाखवतोय. शिवाय आमच्याकडच्या सवयीही बघितल्या. पैसे वाचवायला दुसऱ्या बनावटीच्या टिप घेत होतो. त्या नीट बसत नाहीत म्हणून सगळेच जण पिपेट टिपच्या रॅकवर दोन-तीनदा ठोकायचे. त्या ठोक्यांचा थोडाफार वाटा असणारच. मूळ टिप परत आणल्या. हलक्या दाबाने बसतात.

एफ ओळीतली १४ कंपाउंड पुन्हा तपासली. बारा होती तशीच. दोन पुढे न्यायच्या कंपाउंडच्या यादीत परत आली, त्यातलं एक मी स्वतः 'बंद' म्हणून खोडलं होतं.

तर घ्यावी का? हो, मी पुन्हा हीच घेईन. पण ओ-रिंगचा सुटा संच मिळतो का, हे आधी लेखी विचारा. आणि दर सोमवारी आठही टिप भरून २० सेकंद हवेत धरा, टोकांकडे बघत. आमच्या पहिल्या खेपेला सहाव्या टोकाला थेंब दहाव्या सेकंदाला दिसला होता.