डबी नवी, प्लग वापरलेले

3,620 रुपये. माझ्या पिकअपसाठी चार इरिडियमचे स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडून इंधन पेटवणारे) एकेक 780 प्रमाणे 3,120, वर बसवायची मजुरी 500. कोल्हापुरातल्या एका स्पेअर पार्टवाल्याला मी हे पैसे मोजले आणि त्यानं कुणाच्या तरी गाडीतून काढलेले, घासूनपुसून चकचकीत केलेले प्लग नव्या डबीत घालून माझ्या गळ्यात मारले. दुकानाचं नाव लिहीत नाही, उद्या माझ्यावरच अब्रुनुकसानीची केस ठोकतील.

कुणी म्हणेल, पिकअपला कसले प्लग? डिझेलला नसतात, बरोबर. माझी सीएनजी आहे, इंजिन सीटखाली. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जादा व्होल्टेज लागतं, म्हणून साधे निकेलचे न घेता महागाचे मागितले. स्वस्ताच्या नादाला लागून फसलो, असंही नाही.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून अंगाचा तिळपापड होतो. पहिला प्लग मी स्वतः हातात घेतला होता. आट्यांच्या वर जो वॉशर असतो, तो नव्या प्लगवर फुगीर असतो. एकदा आवळला की चपटा होतो, परत फुगत नाही. माझ्या हातातला चपटा होता! वरच्या पांढऱ्या चिनीमातीवरची अक्षरं अंगठ्यानं पुसट झाली. मी विचारलं पण, "मालक, वॉशर दबलेला कसा काय?" तर म्हणतो, "नवीन लॉट असाच येतोय भावा, कंपनीनंच डिझाइन बदललंय." मार्केट यार्डात गुळाचे रवे भरायचे खोळंबलेत, मागं गिऱ्हाईक उभं, आणि हा छातीठोक बोलतोय. माझ्या जागी कोण काय वेगळं करणार होतं?

जुने प्लग मागितले, तर "ते भंगारात गेले." भंगारात कसले, पुढच्याच्या डबीत गेले असणार. जुने प्लग हातात पडल्याशिवाय मजुरी देऊ नका.

रत्नागिरीचा माल घेऊन निघालो, तर मलकापूरच्या अलीकडंच गाडी मिसिंग मारायला, म्हणजे झटके खायला लागली. पुढं आंबा घाट. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असला तर गाडी रेटू नका, न जळालेला गॅस कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे धूर साफ करणाऱ्या भागाची वाट लावतो. दुसऱ्या पिकअपनं माल पुढं पाठवला, 3,500. माझी गाडी ओढून आणली, 4,000. ओळखीच्या मिस्त्रीनं प्लग काढले, तर एकाची गॅप (ठिणगी पडायची फट) 0.7 मिलिमीटर, दुसऱ्याची 1.4. गॅप वाढली की प्लगला वीज देणाऱ्या कॉइलवर ताण येतो. एक कॉइल जळली, 2,450. त्यात दुकानातल्या पोरानं गरम इंजिनात प्लग पान्ह्यानंच तिरका घुसवलेला, इंजिनच्या हेडचे आटे गेले. हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे बसवायचे 1,800. पहिले 3,620 धरून एकूण 15,370. अरे, प्लग आधी हातानं फिरवायचा असतो, पान्हा शेवटी वॉशर दाबण्यापुरता. अ‍ॅल्युमिनियमचं हेड आहे ते, बैलगाडीचा आख नव्हे.

पोलीस ठाण्यात गेलो. "हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा." परत गेलो तर साहेब बंदोबस्तात. तिसऱ्यांदा ऐकवलं, "नकली माल असेल तर कंपनीनं तक्रार द्यायला पाहिजे." माझा भाचा वकील आहे, त्यानं कायदाच दाखवला. ट्रेडमार्क कायदा 1999, कलम 103 आणि 104, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि कलम 115 प्रमाणे गुन्हा दखलपात्र. दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी स्वतःच नोंदवायचा! पण झडती-जप्तीला उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी पाहिजे, वर आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत. चार प्लगांसाठी कोण हलतंय? 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला, तर त्यांनी दुकानाचा जीएसटी नंबर विचारला. तो असता तर पक्कं बिलच नसतं का मिळालं? आणि सगळीकडं तोच तोरा, "बिल का घेतलं नाही?" जणू चोरी मी केली.

बिल मागा, "जीएसटी वाढेल" म्हणाला तरी मागा. डबीवरचा आणि प्लगवरचा कोड ताडून बघा. कोडमधला उष्णतेचा आकडा "थोडा पुढंमागं चालतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा, एनजीके कंपनीच्या प्लगात आकडा वाढला की प्लग थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) आणि बॉश कंपनीत बरोबर उलटं.

जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. यूपीआयचा पुरावा, डबी आणि ते चारही प्लग मी जपून ठेवलेत. सारखीच तक्रार असलेल्यांना आयोगाच्या परवानगीनं एकत्र अर्ज करता येतो. कुणाकडं असले दबलेल्या वॉशरचे "नवे" प्लग निघाले, तर फेकू नका, मला कळवा.