शिट्टी नसलेला कुकर आणि मांजराने चावलेली रिंग: आठ महिन्यांनंतर

दिवाळीत घेतलेला सहा लिटरचा इलेक्ट्रिक प्रेशर कुकर गेल्या महिन्यात झाकणाच्या कडेने फुसफुसायला लागला. बिघाड वगैरे काही नव्हता. रिंग गच्चीवर उन्हात ठेवली होती, तिला शेजारच्या मांजराने दात लावले. मांजराला मी दोष देत नाही. आमच्या घरात शिजलेल्या प्रत्येक रविवारचा वास त्या रिंगेत मुरलेला आहे. मी मांजर असते तर मीही चावले असते.

किती वॅट, किती बटणं हे खोक्यावर छापलेलं आहे. मी हा मटणासाठी घेतला, तेव्हा मटणाचंच सांगते.

पहिला रविवार फसला. किलोभर मटण, मांडी आणि चाप, दोन नळ्या मागून घेतलेल्या. हळद, मीठ, आलं-लसूण लावून तासभर ठेवलं, कांद्यावर परतलं आणि गॅसच्या कुकरला घालते तेवढंच पाणी घातलं. यात वाफ बाहेर पडतच नाही, त्यामुळे पाणी आटत नाही. वीस मिनिटांनी झाकण काढलं तर रश्शात तुकडे पोहत होते आणि दाताला चिवट लागत होते. सासूबाईंनी ताटात बघून एवढंच विचारलं, "शिट्टीच न्हाई, मग शिजलंय ते कळायचं कसं गं?"

सासूबाईंच्या हिशेबात मटण म्हणजे सात शिट्ट्या, जून असलं तर दहा. मिनिटांत शिजतं ते मटण कसलं!

चिवट का राहिलं ते नंतर लक्षात आलं. आपलं बेळगाव अडीच हजार फुटांवर, उघड्या पातेल्यात पाणी ९७-९८ अंशांलाच उकळतं. गॅसवरच्या कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. या यंत्रात दाब त्याहून कमी, त्यामुळे ११५ च्या आगेमागे. सांध्याजवळचा चिवट भाग विरघळायला उष्णता तरी जास्त हवी, नाहीतर वेळ तरी. तेव्हापासून मांडीला ३० मिनिटं, जून वाटलं तर ४०, आणि पाणी निम्मं. वाफ आपोआप उतरू द्यायची, त्यात आणखी पंधरा मिनिटं जातात. घाईने व्हॉल्व्ह उघडला की रस्सा वाफेबरोबर उसळून बाहेर येतो, ओट्याच्या फरशीवर हळदीचा डाग अजून आहे. शेवटी झाकण काढून परतायच्या बटणावर दहा मिनिटं आटवायचं, तेव्हा कुठे कट वर येतो. म्हणजे सगळा मिळून सव्वा तास. गॅसवर पाऊण तासात होतं. वेळ वाचतो म्हणून कुणी घेत असेल तर घेऊ नका.

दुसरी गंमत वाटणाची. भाजलेलं सुकं खोबरं, तीळ आणि संकेश्वरी मिरची असं दाट वाटण खाली गेलं की बुडाला धरतं, यंत्र टुंईटुंई करतं आणि थांबतं. आता पाणी आणि मटण खाली, वाटण वर, आणि ढवळायचं नाही. करंट गेला तर सगळं विसरतं, आल्यावर पुन्हा बटण दाबायला तुम्ही तिथे हवं. खिमा यात करू नये. एकदा केला, त्याची बालवाडीतली पेज झाली.

आता रिंग. सिलिकॉनची आहे, मऊ, पांढरी, दिसायला निरागस. तेल आणि मसाल्याचा वास धरते आणि सोडत नाही. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. आदल्या दिवशी बुधवारी यातच मटण झालेलं. भांडं घासलं, झाकण घासलं, रिंग काढून साबणाने धुतली, आणि नैवेद्याला तांदळाची खीर लावली. उघडली तर वेलची, जायफळ आणि त्यांच्या मागून स्पष्ट, न चुकणारा, बोकड. सासूबाईंनी देवघरातूनच ओळखलं. ती खीर देवीला दाखवली नाही, आम्हालाही खाववली नाही. दीड लिटर दूध गेलं.

नंतर काय काय केलं ते सांगते. व्हिनेगर घालून वाफ काढली. लिंबाची सालं घातली. सोडा चोळला. चिंचेच्या कोळात रात्रभर बुडवली. शेवटी ऊन. उन्हाने थोडा फरक पडला, म्हणून दर सोमवारी गच्चीवर. बाकी कथा मांजराला माहीत आहे.

कंपनीच्या फोनवर मराठीचं बटण आहे, ते दाबलं. मुलीने पिनकोड विचारला. ५९० ऐकताच म्हणाली, "मॅडम, तुमचं कर्नाटक डेस्कला जातं." गेलं. कन्नड मला येतं, त्याचं काही नाही, पण निकाल दोन्ही भाषांत एकच: दात लागलेली रिंग वॉरंटीत बसत नाही. विकत द्या म्हटलं तर ४५० रुपये आणि वर कुरिअर. इथल्या सर्व्हिस सेंटरला चार चकरा मारल्या, चारही वेळा "नाळे बर्री", म्हणजे उद्या या. त्या उद्यासाठी रिक्षाला जेवढे गेले तेवढ्यात किलोभर मटण आलं असतं. शेवटी गडहिंग्लजच्या बहिणीने तिथल्या भांड्यांच्या दुकानातून दोन रिंगा ७०० ला घेतल्या आणि मिरच्यांच्या पिशवीत घालून पाठवल्या. म्हणजे नव्या रिंगांना पहिल्याच दिवशी संकेश्वरीचा वास.

इथवर परवा लिहिलं होतं आणि शेवटी "घेऊ नका" असं ठोकणार होते. पण काल पाया केला, आणि ते वाक्य आता मला लिहिता येत नाही.

आषाढ आहे, श्रावण लागायच्या आत एकदा पाया व्हायलाच हवा. भाजून खरवडलेले चार पाय, आलं, लसूण, मिरे, दोन तमालपत्रं, मीठ. रात्री दहाला ७५ मिनिटं लावली आणि झोपले. गॅसवर असते तर तासभर शिट्ट्या मोजत जागले असते आणि सिलिंडरची काळजी केली असती. इथे दाब चढला की कॉइल बराच वेळ बंदच असते, एक युनिटसुद्धा जळत नाही. सकाळी झाकण काढलं तर हाडं बोटाने सुटत होती. वाटीत काढून ठेवलेलं सूप गार झाल्यावर खरवसासारखं थिजलं, चमचा उभा राहिला. गरम करून प्यायलो तर ओठ ओठाला चिकटत होते. सासूबाईंनी दुसरी वाटी मागितली. "शिट्टी असती तर आणखी बरं झालं असतं," हे म्हणाल्याच, पण दुसरी वाटी मागितली.

तर आता पायासाठी हाच, रश्शाला गॅसचा कुकर, आणि खीर पातेल्यात. सासूबाईंचं मटणाचं पातेलं चाळीस वर्षं वेगळं आहे, परसदारी पालथं असतं, त्याला दुसऱ्या पदार्थाचा हात लागत नाही. मी त्याला आजवर सोवळं म्हणून हसत होते. आता माझ्याही स्वयंपाकघरात दोन खिळे आहेत. डावीकडची रिंग मटणाची, उजवीकडची भात-वरणाची. घरात अदलाबदल करणाऱ्याला रविवारी नळी मिळत नाही.

मांजराने चावलेली फेकली नाही. गोल बुडाच्या त्या पातेल्याखाली चुंबळ म्हणून फिट्ट बसते.