डेबियन की आर्च: तक्रारीला मिळणारे उत्तर पाहून ठरवायचे असेल तर

डेबियन आणि आर्च ही दोन्ही लिनक्सची वितरणे, म्हणजे लिनक्सवर उभारलेल्या आणि गरजेच्या सॉफ्टवेअरसह मिळणाऱ्या तयार संगणक-प्रणाली, स्वयंसेवक चालवतात, त्यामुळे काही बिघडले तर फोन करून जाब विचारावा असे कोणी नसते. तक्रारी मात्र दोन्हीकडे भरपूर येतात, आणि त्यांना मिळणारी उत्तरे इतकी निराळी असतात की ज्याला या दोहोंतून एक निवडायचे आहे त्याने डेस्कटॉपची चित्रे पाहण्याआधी ही उत्तरे वाचावीत, असे माझे मत आहे.

डेबियनमध्ये तक्रार ई-मेलने जाते. ‘रिपोर्टबग’ ही आज्ञा दिली की ती पॅकेजचे (बसवण्यासाठी तयार बांधलेल्या सॉफ्टवेअरचे) नाव विचारते, त्याची आवृत्ती, कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि ज्यांवर ते पॅकेज अवलंबून आहे त्या लायब्रऱ्यांच्या (अनेक प्रोग्राम वापरतात अशा सामायिक भागांच्या) आवृत्त्या स्वतःच पत्रात भरते, दोष किती गंभीर आहे ते निवडायला लावते आणि मग पत्र धाडते. थोड्या वेळाने तक्रारीचा क्रमांक येतो. १९९७ साली स्वीकारलेल्या सामाजिक करारात अडचणी लपवणार नाही असे वचन असल्यामुळे ही सारी नोंदवही कोणालाही वाचता येते. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिच्यातील क्रमांकाने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. ‘दुरुस्त करणार नाही’ अशी खूण केलेली तक्रारही बंद न होता तशीच उघडी राहू शकते, त्यामुळे काही पॅकेजांच्या पानांवर अनेक वर्षांपूर्वीची गाऱ्हाणी आजही दिसतात. नवख्याला हा गलथानपणा वाटतो. मला तो प्रामाणिकपणा वाटतो.

खरी चिडचिड होते ती उत्तरातल्या काळाची. दोष मान्य होतो, दुरुस्तीही होते, पण ती नवे बदल आधी जिथे येतात त्या ‘अनस्टेबल’ शाखेत. स्थिर आवृत्तीत सुरक्षेचे आणि गंभीर दोषच दुरुस्त केले जातात, त्यामुळे किरकोळ त्रास साधारण दोन वर्षांनी येणाऱ्या पुढच्या आवृत्तीपर्यंत सोसावा लागतो. ‘माझ्याकडचे सॉफ्टवेअर जुने आहे’ या तक्रारीवर डेबियनचे उत्तर थोडक्यात असे, की ते जाणूनबुजून जुने ठेवले आहे.

तक्रारीने धोरणच बदलल्याचे उदाहरण वायफायचे. लॅपटॉपवर डेबियन बसवताना मध्येच फर्मवेअरची (वायफायसारखा यंत्रभाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) फाइल सापडत नाही असा संदेश येई, आणि ती आणायला लागणारे इंटरनेट त्याच वायफायवर अवलंबून असे. फर्मवेअर मुक्त परवान्याचे नसल्यामुळे ते अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घालता येत नव्हते. ते घातलेली इन्स्टॉलरची प्रतिमा (इमेज फाइल) वेगळी मिळे, पण तिच्यावर ‘अनधिकृत’ असा शिक्का होता आणि ती नवख्याला सहज सापडत नसे. वर्षानुवर्षे चाललेल्या या कटकटीवर २०२२ मध्ये विकासकांनी मतदान घेतले, सामाजिक करारात दुरुस्ती केली, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच मिळू लागले. उत्तर यायला फार वेळ लागला. पण एकदा ठरल्यावर ते कोणा एकाच्या मर्जीवर राहिले नाही.

२००२ मध्ये सुरू झालेल्या आर्चची रीत याच्या उलट आहे. तिथे मूळ प्रकल्पाने, म्हणजे ते लिहिणाऱ्यांनी, दिलेले सॉफ्टवेअर शक्य तितके जसेच्या तसे, फारसे ठिगळ न लावता पुढे दिले जाते. म्हणून दोष मूळ सॉफ्टवेअरचा असेल तर उत्तर ठरलेले असते: मूळ प्रकल्पाकडे जा. हे उत्तर कोरडे असले तरी चटकन मिळते, आणि दुरुस्ती मूळ ठिकाणी झाली की तुमच्यापर्यंत यायला बहुधा फार दिवस लागत नाहीत. वापरकर्त्यांनीच भरलेल्या ‘एयूआर’ या कोठारातील पॅकेजांची जबाबदारी प्रकल्प मुळात घेतच नाही, हेही आधीच माहीत असलेले बरे.

ऑगस्ट २०२२ मधील ग्रबचा, म्हणजे संगणक सुरू होताना प्रणाली चढवणाऱ्या प्रोग्रामचा, प्रसंग पाहण्यासारखा आहे. ग्रबच्या नव्या पॅकेजने तयार केलेल्या मांडणीच्या (कॉन्फिगरेशनच्या) फाइलमध्ये अशी एक आज्ञा होती जी बूटच्या जागी आधीपासून बसलेल्या जुन्या ग्रबला कळत नव्हती. परिणामी अनेकांचे संगणक सुरू होईनात. डेबियनमध्ये पॅकेज अद्ययावत होताना ग्रब पुन्हा बसवण्याचे काम बहुधा पॅकेजच करते, तर आर्चमध्ये ते वापरकर्त्याचे समजले जाते. आर्चने बातमी देऊन सांगितले की पॅकेज बदलल्यावर बसवणी आणि मांडणी या दोन्ही आज्ञा स्वतः चालवा. ज्याला हे उत्तर पुरेसे वाटते, त्याने आर्च खुशाल घ्यावे. दूर गावी राहणाऱ्या आईवडिलांच्या संगणकावर मात्र मी ते बसवणार नाही, कारण अद्ययावत करण्याआधी बातमी वाचण्याची सवय त्यांना लावणे मला जमणारे नाही.



दोन्हीकडे ‘नाही’ हे उत्तर अंतिम असते तेव्हा नाराजांपुढे एकच वाट उरते, ती म्हणजे वेगळी चूल मांडण्याची. सिस्टमडी, म्हणजे संगणक सुरू होताना बाकीच्या सेवा चालू करणारा प्रोग्राम, घ्यावा की नाही या वादात डेबियनच्या तांत्रिक समितीत मते समसमान पडली, २०१४ मध्ये अध्यक्षांच्या निर्णायक मताने निकाल सिस्टमडीच्या बाजूने लागला, आणि त्याच वर्षी ते नको असलेल्यांचा डेव्हुआन हा फाटा फुटला. आर्चने सिस्टमडी २०१२ मध्येच स्वीकारले होते. तिथेही ते नको असलेल्यांनी पुढे आर्टिक्स हे वेगळे वितरण उभे केले.

मराठीत काम करणाऱ्याला एक खास अडचण दोन्हीकडे भेटू शकते: एखाद्या प्रोग्राममध्ये ‘दऱ्या’ लिहिले की अर्ध्या ‘ऱ्’ऐवजी रफार पडतो आणि डोंगरातल्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो. दोष बहुधा फाँटचा किंवा अक्षरे जुळवणाऱ्या लायब्ररीचा असतो, त्यामुळे आर्चमध्ये तुम्हाला थेट तिथेच पाठवतील. डेबियनमध्ये पॅकेज सांभाळणाऱ्याला सवड असेल तर तो तुमची तक्रार स्वतः पुढे नेऊन तशी नोंद करील. पण त्याला मराठी वाचता येत नसण्याचीच शक्यता अधिक, म्हणून तक्रारीत नुसते ‘अक्षर चुकते’ असे न लिहिता हव्या असलेल्या आणि दिसणाऱ्या रूपाची चित्रे शेजारी शेजारी जोडावीत, आणि र, हलन्त, शून्य रुंदीचा जोडक (न दिसणारे जोडचिन्ह), य अशा ज्या क्रमाने अक्षरे टंकली तो क्रमही लिहावा.