दुर्मिळ कार्ड रंगवून घ्यायचंय? मूळ कार्ड, स्वस्त प्रत की पारदर्शक कव्हर

पत्त्यांच्या खेळातलं जमवायचं कार्ड, त्याच्या छापील चित्रावर हातानं रंगवायचं म्हटलं की डोक्यात आधी नवं चित्रच येतं. ड्रॅगनच्या मागे कृष्णेचा घाट घेऊ, डोंगराच्या जागी अजिंक्यतारा टाकू. ते नंतर ठरवा. आधी हातातलं कार्ड बघा: हे खराब झालं तर दुसरं मिळेल का, आणि परवडेल का? मग तीन वाटा उरतात. मूळ दुर्मिळ कार्डावर थेट रंग लावायचा, त्याच कार्डाच्या नंतरच्या स्वस्त छपाईवर लावायचा, किंवा कार्डाला हातच न लावता वरच्या पारदर्शक कव्हरवर चित्र काढायचं. मी 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळापुरतं बोलतोय. इतर खेळांचे नियम वेगळे आहेत, तेव्हा ते आधी वाचून घ्या.

मॅजिक 1993 साली आलं. 1996 मध्ये कंपनीनं 'रिझर्व्ह्ड लिस्ट' जाहीर केली. त्या यादीतली कार्डं स्पर्धेत चालतील अशी पुन्हा छापणार नाही, हे तिचं वचन. 1993 चे मूळ ड्युअल लँड (दोन रंगांची माना, म्हणजे खेळातली ऊर्जा, देणारी कार्डं) त्यात आहेत, 1998 चं 'गायाज क्रेडल'ही आहे. कार्ड पहिल्यांदाच 2000 नंतर छापलं गेलं असेल, तर ते या यादीत नाही. यादीतल्या धडधाकट कार्डावर रंग चढवायला माझा सरळ विरोध आहे. पीएसएसारखी, कार्डाची अवस्था तपासून अंक देणारी ग्रेडिंग संस्था रंगवलेल्या कार्डाला अंक देत नाही, फार तर 'अस्सल, पण बदललेलं' असा शेरा मारते. शिवाय बनावट कार्ड ओळखायला लोक भिंगाखाली छपाईचे बारीक ठिपके बघतात. ते रंगाखाली गेले की घेणारा बिचकतो. चित्रकाराचं नाव मोठं असेल तर रंगवलेल्या कार्डाला जास्त पैसे मिळतातही, पण तेव्हा गिऱ्हाईक चित्राचे पैसे मोजत असतं, कार्डाचे नव्हे. एक अपवाद मला मान्य आहे: कोपरे झिजलेलं, घडी पडलेलं जुनं कार्ड. त्याची किंमत आधीच उतरलेली असते.

स्वस्त प्रत ही बहुतेकांसाठी योग्य वाट. 'सोल रिंग' घ्या. 1993 चं कार्ड, पण इतक्या वेळा पुन्हा छापलंय की रंगवताना बिघडलं तर दुसरं आणायचं. खेळताना जुन्या आणि नव्या छपाईचं काम अगदी सारखं. घेताना फॉइल (चकचकीत थराची) नसलेली प्रत घ्या. फॉइलच्या गुळगुळीत थरावर रंग नीट धरत नाही, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात फॉइल कार्डं कमान होतात. कागद हवेतली ओल पितो, वरचा चकचकीत थर पीत नाही, म्हणून कार्ड वाकतं. त्यावर रंगाचे थर असतील तर तडे जाण्याची भीती.

रंग ॲक्रिलिकच. सांगलीच्या विश्रामबागेत काय किंवा साताऱ्यात राजवाड्याजवळ काय, स्टेशनरीच्या दुकानात पोस्टर कलर पुढे करतील. तो घेऊ नका, वाळल्यावरही पाणी लागलं की सुटतो. तैलरंगाचं तेल कागदात झिरपतं आणि सुकायला फार वेळ घेतं. कॅम्लिनचं साधं ॲक्रिलिक आणि शून्य-शून्य-शून्य नंबरचा ब्रश सुरुवातीला पुरे. रंग दुधाइतका पातळ करून थरावर थर द्यायचे. 63 बाय 88 मिलिमीटरच्या कार्डावर जाड फटकारे मारले, तर पिसताना ते कार्ड बोटालाच कळतं, आणि स्पर्धेत ते खूण केलेलं कार्ड ठरू शकतं. एप्रिल-मे महिन्यात पॅलेटवरचा रंग बघता बघता आळतो, तेव्हा खाली ओला टिश्यू ठेवा. वार्निशचा स्प्रे मात्र भर पावसात मारू नका, दमट हवेत तो पांढुरका पडतो.

स्पर्धेत खेळणार असाल तर कार्डाचं नाव आणि माना कॉस्ट (ते कार्ड खेळायला लागणारी माना) झाकायची किंवा बदलायची नाही, आणि मूळ चित्र ओळखू आलं पाहिजे. कडेच्या चौकटीवर तेच चित्र पुढे वाढवलं तर सहसा निभावतं. पूर्ण नवं चित्र अडकू शकतं. शेवटचा शब्द मुख्य पंचाचा. मित्रांत 'कमांडर' हा मॅजिकचा प्रकार खेळणाऱ्यांना एवढी चिंता नको. तिथे 100 पत्त्यांतलं कमांडरचं, म्हणजे गड्डीच्या म्होरक्याचं, कार्ड सुरुवातीला गड्डीबाहेर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं. एकच कार्ड रंगवायचं असेल तर तेच रंगवा.

कव्हरची वाट रिझर्व्ह्ड लिस्टमधल्या कार्डासाठी. आत घट्ट बसणारं पॉलिप्रॉपिलीनचं कव्हर, त्यावर चित्र, वरून दुसरं कव्हर. पण या प्लास्टिकवर ॲक्रिलिक पक्कं बसत नाही, घासलं की पापुद्रा निघतो. वरच्या कव्हराशिवाय ते टिकणारच नाही. खेळायचं तर गड्डीतल्या सगळ्याच पत्त्यांना दुहेरी कव्हर घाला, नाहीतर एक पत्ता जाड लागेल. चित्राची मजाही थोडी कमी, कारण रंग कार्डापासून किंचित वर तरंगल्यासारखा दिसतो. ओळखपत्रासाठी मिळणारी पीव्हीसीची पाकिटं अजिबात वापरू नका. त्यातलं मऊपणासाठी घातलेलं रसायन कालांतरानं कार्डाला चिकटतं.

स्वतःचा हात बसलेला नसेल तर रंगवून कोणाकडून घ्यायचं? ऑनलाइन चित्रकारांना या कामातल्या खाचाखोचा माहीत असतात, पण कार्ड कुरिअरनं पाठवावं लागतं. महागडं कार्ड असं पाठवायला माझा जीव होत नाही. आपल्याकडे आणखी एक सोय आहे, तिचा कोणी विचार करत नाही: गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारे कारागीर. तो स्थिर हात या कामासाठीच घडल्यासारखा असतो. त्यांना खेळ समजावत बसायची गरज नाही. कुठली अक्षरं झाकायची नाहीत ते पेन्सिलीनं झेरॉक्सवर दाखवा, रंग पातळ ठेवायला सांगा आणि सरावासाठी चार-पाच फुटकळ कार्डं द्या. बिदागी आधी ठरवा. आणि आषाढ-श्रावणात जाऊ नका, तेव्हा त्यांना मूर्तींतून मान वर करायला सवड नसते. दिवाळीनंतर जा.